बारा घरं, तीन रिकामी: सॅक्सोफोन-पियानोच्या एका मिनिमलिस्ट रचनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात हे घडलं. माणसं तीन. पहिला आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. चाळिशी ओलांडलेला, लग्नाच्या बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवलेला, कान पक्का, सरगम तोंडपाठ, पण पाश्चात्त्य लिपी वाचता न येणारा. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत, इथेही तेच नाव ठेवलं आहे. दुसऱ्या, इंग्रजी शाळेत संगीत शिकवणाऱ्या पियानोवादक ‘मॅडम’. त्यांना लिपी उत्तम वाचता येते, पण सोबतीला दुसरं वाद्य घेऊन वाजवण्याची सवय कमी. तिसरा शहरात रचनाशास्त्र शिकून गावी परतलेला तरुण रचनाकार. भाऊंपेक्षा तो बराच लहान, तरी भाऊ त्याला ‘सर’च म्हणत. पुढे जे घडलं त्यात या ‘सर’ म्हणण्याचाही वाटा आहे.

एप्रिलअखेर गावातल्या मंगल कार्यालयात संगीताची एक संध्याकाळ ठरली होती. तिच्यासाठी रचनाकाराने सॅक्सोफोन आणि पियानोची चौदा मिनिटांची रचना लिहून आणली. पद्धत मिनिमलिस्ट: सूर मोजके, तुकडा छोटा, तो सतत फिरता ठेवायचा आणि बदल इतका सावकाश करायचा की श्रोत्याला बदल होतानाच ऐकू यावा. ही पद्धत अमेरिकेत १९६०च्या दशकात रुजली. टेरी रायलींचं ‘इन सी’ १९६४चं आणि स्टीव्ह राइश यांचं ‘पियानो फेज’ १९६७चं. फिलिप ग्लास त्याच दशकाच्या मध्याला पॅरिसमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा यांच्यासोबत काम करत होते, आणि लहान लयतुकडे जोडत-वाढवत नेण्याची आपली रीत त्यातून सापडल्याचं त्यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे भाऊंना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नव्हतं. अडचण निघाली ती वेगळ्याच ठिकाणी.

अडचण

पहिला मसुदा ‘पियानो फेज’च्या वाटेने गेला होता. त्या रचनेत दोन पियानो बारा सुरांचा एकच तुकडा एकसाथ सुरू करतात. एक लय धरून ठेवतो, दुसरा कणाकणाने पुढे सरकतो आणि एका सुराने पुढे पोहोचला की पुन्हा लय धरतो. रचनाकाराने दुसऱ्या पियानोच्या जागी सॅक्सोफोन ठेवला. लय मिनिटाला १२० मात्रा, मात्रेला चार सूर. म्हणजे सूर ०.१२५ सेकंदाचा आणि बारा सुरांचं आवर्तन दीड सेकंदाचं. मध्ये एकही रिकामी जागा नाही.

पहिल्याच तालमीला भाऊ आठ-नऊ आवर्तनांनंतर थांबले आणि म्हणाले, “सर, याच्यात श्वास कुठं घेऊ? जागाच नाही ठेवली तुम्ही.”

तोंडाने झटकन घेतलेला श्वास अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. या लयीत तेवढ्यात चार सूर निघून जातात, म्हणजे बारांतले एक तृतीयांश. साध्या धूनमध्ये चार सूर गळले तरी वादक पुढच्या समेला येऊन मिळतो. इथे सॅक्सोफोन मुळातच पियानोपासून सुटत चाललेला असतो. तो किती सुटला हे त्याच्या त्यालाच कानाने धरून ठेवायचं असतं, त्यामुळे श्वास घेऊन परत यायचं कुठे हेच कळत नाही. भाऊ दर वेळी जवळच्या मात्रेवर परत येत आणि सरकण्याची सगळी क्रिया तिथेच मोडे.

दुसरी अडचण बोटांची. मसुदा पांढरी एकमध्ये, म्हणजे ‘सी’ला सा धरून होता आणि सूर भूपाचे: सा रे ग प ध. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणजे त्यावर ‘सी’ची बोटं दाबली की काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट, वाजते. पांढरी एकचा सा त्यावर ‘ए’च्या बोटांनी येतो. मग ग येतो मधल्या सी शार्पवर, जिथे सगळी बोटं मोकळी असतात, आणि प येतो ई-वर, जिथे पाच बोटं आणि वरच्या सप्तकाची कळ एकदम दाबावी लागते. ग-प ही उडी बँडच्या गाण्यात चार-दोनदा आली तर जाणवत नाही. सेकंदाला आठ सुरांच्या गतीने शेकडो वेळा आली की बोटं अडखळतातच. त्यातून मोकळ्या बोटांचा सी शार्प बऱ्याच आल्टोंवर मुळातच पोकळ आणि डळमळीत.

तिसरी अडचण तालमीत कुणाच्या ध्यानात आली नाही, पण ती कदाचित सगळ्यात मोठी होती. दोन पियानोंचा नाद एकसारखा असतो. म्हणून तुकडे सरकले की कान दोन्हींचे सूर मिसळून तिसरीच चाल ऐकतो, आणि सगळी गंमत त्या तिसऱ्या चालीत असते. सॅक्सोफोन आणि पियानो यांचे नाद इतके वेगळे की कान त्यांना दोन रांगांत ठेवतो. एवढी मेहनत करून सरकवलं तरी ऐकणाऱ्याला ‘दोघं जुळत नाहीयेत’ एवढंच वाटण्याचा धोका होता.

समोरचे पर्याय

सगळ्यात आधी निघालेला पर्याय सनईवाल्यांचा: गालात हवा साठवून ती ओठांनी दाबत राहायचं आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा. भाऊंच्या ओळखीत असे सनईवाले होते, त्यामुळे त्यांना तो मानाचाही वाटला. पण सनईची पत्ती लहान, नळी अरुंद, हवा थोडी लागते आणि दाब जास्त. म्हणून गालातली हवा पुरते. आल्टोला हवा बरीच जास्त लागते. गालावर आलं की सूर उतरतो आणि हलतो. भाऊ महिनाभर रोज ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढत राहिले. लांब सूर थोडाफार टिकू लागला, पण बोटं चालू असताना नाही. लग्नसराई तोंडावर असताना यावर आणखी वेळ घालवायचा नाही असं ठरलं. निर्णय बरोबर होता, फक्त महिनाभर उशिरा झाला.

दुसरा पर्याय भाऊंच्याच वाट्याची चाल, म्हणजे एक पदर, आधी रेकॉर्ड करून त्यावर वाजवायचा. राइश यांनी १९६६मध्ये सोप्रानो सॅक्सोफोन आणि टेप अशी रचना केलेली आहे, त्यामुळे आधार होता. पण मग पियानोला काम काय, हा मॅडमचा प्रश्न बिनतोड होता.

तिसरा ‘इन सी’सारखा: सुटे तुकडे, ज्याने त्याने हवे तितक्या वेळा फिरवावेत. श्वासाचा प्रश्न आपोआप मिटतो. मात्र ती रचना मोठ्या ताफ्यात भरते. तुकड्यांची दाट वीण होते ती दहा-पंधरा जण वाजवत असतात म्हणून. दोघांत ती विरळ पडली.

चौथा ‘क्लॅपिंग म्युझिक’चा. १९७२च्या या टाळ्यांच्या रचनेत हळूहळू सरकणं नाहीच. एक जण बारा घरांचा (घर म्हणजे एका सुराची किंवा ठोक्याची जागा) तुकडा धरून ठेवतो, दुसरा काही आवर्तनांनंतर एकदम एका घराने उडी मारतो. बारा उड्यांनंतर दोघे पुन्हा एकत्र. कुठे आहोत ते नेहमी मोजता येतं.

पाचवा ‘ड्रमिंग’मधला, १९७०-७१चा: आवर्तन रिकामं ठेवून सुरुवात करायची आणि एकेका रिकाम्या घरात एकेक ठोका भरत जायचं.

शेवटी चौथा आणि पाचवा एकत्र केले, आणि मध्ये लांब सुरांचा एक भाग घातला. त्यामागचं कारण कलात्मक कमी आणि शारीरिक जास्त होतं: ओठाला विसावा.

निर्णय: आवर्तनाची नवी बांधणी

लय १२० मात्रांचीच ठेवली, पण मात्रेला चारऐवजी दोन सूर. सूर पाव सेकंदाचा, बारा घरांचं आवर्तन तीन सेकंदांचं. भाऊंच्या भाषेत सहा मात्रांचा दादरा, दुगुनीत. हे जुळल्यावर मोजणीतली अर्धी भीती गेली. ‘धा धी ना, धा ती ना’ त्यांच्या अंगात होतंच.

पट्टी पांढरी एकवरून काळी दोनवर नेली. आता सॅक्सोफोनवर रे ग प ध म्हणजे डी, ई, जी, ए. चारही सूर वरच्या सप्तकाची कळ दाबूनच येतात, अंगठा हलवावा लागत नाही. सा मात्र ‘सी’वर, कळ सोडून. सा-रे करताना बोटांची पुन्हा तीच उलथापालथ. म्हणून सॅक्सोफोनच्या पदरातून सा काढूनच टाकला आणि तो पियानोकडे दिला. संगीताच्या दृष्टीनेही हे बरं झालं: सॅक्सोफोन कधीच घरी पोहोचत नाही आणि पियानो घर सोडत नाही.

मांडणी अशी:

पियानो, उजवा हात: सा ग प रे ग ध | प ग रे प ग रे
सॅक्सोफोन, पूर्ण भरल्यावर: प ध प ग रे ग | प ग रे – – –

सॅक्सोफोनची शेवटची तीन घरं कायम रिकामी. तीन घरं म्हणजे पाऊण सेकंद, एवढ्यात श्वास नीट बसतो. पहिल्या बांधणीत श्वास म्हणजे तुकड्याला पडणारं भोक होतं. आता ती रिकामी घरं तुकड्याचाच भाग झाली, आणि तुकडा सरकला की तीही सरकतात. पियानोचे जे तीन सूर त्या फटीतून उघडे पडतात ते दर सरकीला, म्हणजे तुकडा एकेक घर सरकताना, बदलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला बदल कळतो तो मुख्यतः या फटीमुळेच. नाद वेगळे असण्याची तिसरी अडचण इथे बरीच सुटली. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

भूपाचे पाच सूर ठेवण्यालाही कारण होतं. तुकडा बारा जागी सरकतो तेव्हा कोणता सूर कोणावर पडेल हे निवडता येत नाही. सगळे सगळ्यांवर पडतात. भूपात शेजारच्या दोन सुरांत कुठेही अर्धस्वराचं अंतर नाही, म्हणून बाराही जागा कानाला चालतात. पण चालतात म्हणजे सगळ्याच सारख्या गोडही होतात. त्यावर उतारा म्हणून सरकीच्या भागात पियानोच्या डाव्या हाताला खालच्या सप्तकात कोमल नी दिला. सॅक्सोफोनचा ध जेव्हा जेव्हा त्यावर येतो, तेवढंच टोचतं.

निर्णय: पुढे की मागे

उडी मारायची म्हणजे काय करायचं? रचनाकाराने आधी लिहिलं होतं: तीन रिकाम्या घरांपैकी एक गाळा आणि एक घर आधी या. कागदावर बरोबर. वाजवताना मात्र ज्या आवर्तनात उडी आहे, नेमकी त्यातच श्वासाची फट पाऊण सेकंदावरून अर्ध्यावर येते. भाऊ सवयीने तिथे श्वास घेत, एक घर उशिरा येत आणि उडी झालीच नाही असं होई. चार तालमी यात गेल्या. मॅडमना वाटे भाऊ मोजत नाहीत, भाऊंना वाटे मॅडम पळतात.

मग उडी उलटी केली. एक घर गाळण्याऐवजी एक घर वाढवायचं: तीनच्या जागी चार रिकामी, आणि एक घर उशिरा यायचं. फट पुरी एक सेकंदाची झाली. सरकीची दिशा पुढेऐवजी मागे झाली, पण जुळण्या त्याच बारा, फक्त उलट क्रमाने. रचनेचं काहीच गेलं नाही आणि उडीच्या जागीच भरपूर श्वास मिळाला. फुंकवाद्यासाठी अशी रचना करताना हीच दिशा आधी तपासावी.

यानंतरही विषम सरकी अवघड राहिल्या. दुसरी, चौथी, सहावी सरक मात्रेवर येते. सहावी तर थेट दादऱ्याच्या ‘खाली’वर, म्हणजे चौथ्या मात्रेवर, तिथे भाऊ डोळे मिटून येत. पहिली, तिसरी, पाचवी मात्रेच्या मध्ये पडते आणि वादक नकळत जवळच्या मात्रेला चिकटतो. उपाय तीन केले. पियानोच्या डाव्या हाताने दर आवर्तनाला समेवर खर्जाचा सा एकदाच, घंटेसारखा द्यायचा. भाऊंनी पाय स्वतःच्या तुकड्यावर न टेकता त्या सा-वर टेकायचा. आणि तालीम क्रमाने न करता आधी सम सरकी सुट्या, मग विषम सुट्या, शेवटी ओळीने. “मॅडम, तुमची सम ऐकू येऊन राह्यली तोवर मी पडत नाही,” असं भाऊ म्हणू लागले तेव्हा हा भाग बसला.

चुकलं तर काय, हेही लिहून ठेवलं. सॅक्सोफोनने थांबायचं, खर्जाचा सा दोनदा ऐकायचा आणि पुढच्या सम सरकीवर यायचं. पियानोने कशासाठीही थांबायचं नाही.

लिपी

पाश्चात्त्य लिपी शिकवण्याचा विचार झाला आणि लगेच सोडला. बारा चौकोनांची पट्टी, चौकोनात सरगम, रिकाम्या घराला आडवी रेघ, पियानोची सम लाल गोलात. दर सरकीला एक पुठ्ठ्याचं कार्ड, वर किती वेळा ते मोठ्या आकड्यात. दोन्ही हात वाद्यावर असताना स्टँडवरचं पान उलटता येत नाही. म्हणून तेरा कार्डं (सुरुवातीच्या जागेचं एक आणि बारा सरकींची बारा) एका लांब पट्टीवर चिकटवून दोन स्टँडवर आडवी लावली. मॅडमच्या प्रतीत तीच घरं पाश्चात्त्य लिपीखाली छापली, म्हणजे ‘सातवं घर’ म्हटलं की दोघांना एकच जागा दिसे.

सॅक्सोफोनच्या पदरातला सुरांचा अंतिम क्रम भाऊंनी बोटांच्या सोयीने बदलून दिला होता. पहिल्या छापील प्रतीवर त्याचा उल्लेख नव्हता. भाऊ काही बोलले नाहीत. ज्याला ‘सर’ म्हणतो त्याच्याकडे नाव मागायचं कसं? मॅडमनी विषय काढला आणि दुसऱ्या प्रतीवर ‘सॅक्सोफोनची मांडणी’ म्हणून त्यांचं नाव आलं. हे पहिल्या तालमीलाच ठरायला हवं होतं.

वाद्यं, ऊन आणि वीज

एका मिशनच्या शाळेत जुना उभा पियानो होता. रचनाकाराचा जीव त्यावर. ट्यूनर ॲपवर पाहिलं तर तो प्रमाण मानलेल्या ४४० हर्ट्‌झच्या मानाने सुमारे ३५ सेंट उतरलेला. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर एक तृतीयांश अर्धस्वराहून जास्त. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पियानोची लाकडी नादफळी आकसते आणि तारा उतरतात. सॅक्सोफोनचं नेमकं उलट: हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. हिशेबाने एका अंशाला तीन सेंटच्या जवळपास. नळीत श्वासाची हवा असल्याने प्रत्यक्षात कमी, तरी एप्रिलच्या संध्याकाळी भाऊंचा आल्टो २५ सेंट वर होता. दोघांत ६० सेंटचं अंतर. माउथपीस एवढा बाहेर ओढला तर आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी, म्हणजे वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. पियानो जुळवणारा बोलवावा तर एवढा उतरलेला पियानो एका फेरीत टिकत नाही, एकदा सगळा वर आणून पुन्हा बारीक जुळवावा लागतो.

म्हणून वजनी पट्ट्यांचा, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि त्याचा मूळ सूर ४४०वरून ४४४ केला. हे १६ सेंट झाले. उरलेले नऊ माउथपीस थोडा ओढून भागले. हे कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास, सभागृहातच, भाऊंनी दहा मिनिटं वाजवल्यावर करायचं. थंड वाद्यावर जुळवलेला सूर तापल्यावर चढतोच.

लांब सुरांच्या भागात एक बारकावा निघाला. भाऊ गंधार कानाने लावत, म्हणजे पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंटच्या आसपास खाली. तुकडा फिरत असताना ते कळत नाही. आठ सेकंद धरलेल्या सुरात दोन गंधार एकमेकांवर घासून थरथर ऐकू येते. भाऊंना ‘चढवा’ म्हणण्यापेक्षा पियानोने त्या सुराखाली ग गाळायचा, फक्त सा-प वाजवायचे, असं ठरलं. मधला डी, म्हणजे रे, उलट चढा येत होता. तिथे ओठ सैल सोडायचा सराव करावा लागला.

बँडचा माउथपीस रस्त्यावरच्या मोठ्या आवाजासाठी रुंद तोंडाचा असतो. तो खोलीत हळू वाजत नाही. अरुंद तोंडाचा साधा प्लास्टिकचा घेतला, पत्ती अडीच नंबरचीच ठेवली. उन्हाळ्यात पत्तीचं टोक सुकून वाकडं होतं आणि सूर चिरकतो. तीन पत्त्या आलटून-पालटून, आणि लांब सुरांच्या आधी पत्ती जिभेने ओली करायला चार सेकंदांची विश्रांती कार्डावरच लिहिली.

वीज जाणार हे गृहीत धरलं होतं. पियानो आणि स्पीकर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर, आणि यूपीएस सभागृहाच्या इन्व्हर्टरवर. नुसत्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना पियानो बंद होऊन पुन्हा सुरू होत होता, आणि त्यात ४४४चं सेटिंग पुसलं जाऊन पुन्हा ४४० होत होतं. तालमीतच सापडलं म्हणून बरं.

काय झालं

रचना पावणेदहा मिनिटांची उरली. पियानो एकटा आठ आवर्तनं, २४ सेकंद. मग सॅक्सोफोनची घरं एकेक भरत जाणं, नऊ टप्पे, प्रत्येक सहा वेळा. मग बारा लांब सूर, आठ सेकंद सूर आणि चार सेकंद शांत. मग सरकी, तेरा जागा, प्रत्येक चार वेळा. शेवटी घरं रिकामी करत एका प-वर.

भरण्याचा भाग अपेक्षेपेक्षा रंगला. खंजिरी भजनाचा गजर ऐकलेल्या लोकांना आवर्तन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण गजर चढत जातो, लय वाढते, ही अपेक्षाही तिथूनच येते. तिसऱ्या सरकीच्या सुमारास मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, दादऱ्याच्या मात्रेवर, आणि त्या वाढू लागल्या. मॅडम टाळ्यांबरोबर गेल्या. नंतर मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून मोजलं तर लय १३०च्या पुढे गेली होती. तीन घरांची फट ०.७ सेकंदाच्या खाली आली. भाऊंचा श्वास दर आवर्तनाला थोडा अपुरा पडू लागला आणि सातव्या सरकीवर ते मात्रेला चिकटले. ठरल्याप्रमाणे थांबले, खर्जाचा सा दोनदा ऐकला, आठव्यावर बरोबर आले. सभागृहात बहुतेकांना ती विश्रांती रचनेतलीच वाटली. रिकामी घरं आधीपासून कानाला सवयीची झाली होती, त्याचा हा फायदा.

पुन्हा करायचं तर

लय धरायची जबाबदारी मॅडमची होती, पण तिला आधार काही दिला नव्हता. पियानोवर दिव्याचा लुकलुकता मेट्रोनोम ठेवला असता तर टाळ्या वाढल्या तरी लय वाढली नसती. टाळ्या थांबवायची गरज नाही. त्या समेला पक्क्या असतील तर विषम सरकीत उलट मदतच करतात.

सरकीच्या भागात प्रत्येक जागेला चारऐवजी सहा आवर्तनं द्यावीत. चारमध्ये वादक जागा पकडेपर्यंत निघायची वेळ होते आणि श्रोत्याच्या पदरात तिसरी चाल पडतच नाही. त्यासाठी वाढणारा सव्वा मिनिट शेवटच्या रिकाम्या होण्याच्या भागातून काढावा. तो भाग तसाही लांबला होता.

स्पीकर एकच होता आणि तो श्रोत्यांकडे तोंड करून. भाऊंना खर्जाचा सा भिंतीवरून परत आलेला ऐकू येत होता. दुसरा लहान स्पीकर त्यांच्या पायापाशी हवा.

तारीखही बदलायला हवी. त्या संध्याकाळसाठी भाऊंनी लग्नाची एक सुपारी सोडली होती आणि तालमींचा मोबदला आधी ठरलेला नव्हता, तो नंतर विचारून दिला गेला. पुढचा प्रयोग जानेवारीत, लग्नाच्या तिथी नसलेल्या आठवड्यात ठरला आहे. तेव्हा सॅक्सोफोन थंडीने उतरलेला असेल. पियानो ४४०वर ठेवून माउथपीस आत घ्यावा की पियानो ४३८वर आणावा, हे त्या दिवशी सभागृहात वाद्य तापल्यावरच ठरवायचं आहे.